बायकांच्या भजनात बुवा बाहेरचा का?



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवतो. रस्ते, पाणी, वीज, लोकलच्या वेळा यावर आपण इथे रोज लिहितो, रोज भांडतो. आजचा विषय गाण्याचा आहे. गणपती जवळ आलेत, मंडळांच्या मीटिंगा सुरू झाल्यात, भजनांच्या तारखा ठरतायत, म्हणून आत्ताच लिहितोय. नंतर लिहून उपयोग नाही, बॅनर छापून झालेले असतात.

प्रश्न साधा आहे. तुमच्या आळीत, वाडीत, सोसायटीत महिला भजनी मंडळ असेलच. त्यात पेटी कोण वाजवतं?

खोपोलीत, शिळफाट्याला, साजगावला, खालापुरात आणि पार कर्जतपर्यंत मी आजवर जेवढी महिला मंडळं ऐकली, त्यातल्या बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच. दहा-पंधरा बायका, एका रंगाच्या साड्या, हातात टाळ, अभंग तोंडपाठ. आणि त्यांच्या पुढ्यात पेटीवर एक काका, पखवाजावर एक दादा. दोघंही बाहेरून बोलावलेले, मानधन ठरवून. ते आले तर भजन. ते दुसऱ्या सुपारीला गेले तर बायकांचं भजन रद्द. म्हणजे मंडळ बायकांचं, पण तारीख काकांच्या सोयीची.

कोणी म्हणेल, त्यात काय एवढं? काका वाजवतात, बायका गातात, देवाला दोन्ही पोचतं. काकांबद्दल माझी तक्रार अजिबात नाही. कंपनीत दिवसभर ड्युटी करून रात्री दोन-दोन तास पेटीवर बसणारी ही माणसं आहेत, त्यांच्यामुळेच आपल्याकडे भजन टिकलंय. तक्रार आपल्या सगळ्यांच्या सवयीबद्दल आहे. आपण बाईला गाऊ दिलं, पण वाजवायला दिलं नाही. आणि वाद्य ज्याच्या हातात, त्याच्याच हातात सगळं जातं. ते कसं, ते जरा नीट सांगतो.

कोकणी भजनातला बुवा डोळ्यासमोर आणा. आपल्या खोपोलीत कारखान्यांमुळे कोकणातले, घाटावरचे, आगरी, सगळेच आले, त्यामुळे डबलबारीही आपल्याला माहीत आहे आणि वारकरी भजनही. बुवा एकाच वेळी तीन कामं करतो. एक, पेटी वाजवतो. दोन, मान हलवून, हात उचलून, नजरेने पखवाजवाल्याला आणि कोरसला हाकतो. कुठे लय वाढवायची, कुठे थांबायचं ते तोच ठरवतो. तीन, अभंगाला चाल लावतो, कधी स्वतःची, कधी कुठल्या नाट्यगीतावरून बेतलेली. परदेशात या तीन कामांना तीन वेगवेगळी माणसं असतात: पियानोवाला, हातात छोटी काठी घेऊन वाद्यवृंद चालवणारा कंडक्टर आणि संगीत रचणारा संगीतकार. आपला बुवा तिन्ही एकटा करतो. आणि या तिन्ही जागांवर बाई दिसत नाही. कोकणात काही बायका आता डबलबारीला बसतात. लोक त्यांनाही बुवाच म्हणतात, कारण बाईसाठी शब्दच तयार झालेला नाही!

आता पट्टीचं बघा. गाणाऱ्यांना हे लगेच कळेल. बायकांचा आवाज साधारण काळी चार, पांढरी पाच, काळी पाच अशा पट्ट्यांत मोकळा लागतो. पुरुषाची पट्टी बहुतेक वेळा त्याहून खाली, पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन. साथीला येणाऱ्याचा हात वर्षानुवर्षं पुरुषांच्या भजनात त्याच्या नेहमीच्या पट्टीत बसलेला असतो. मग बायका त्या पट्टीत गातात. खालचे स्वर घशात अडकतात, किंवा वरच्या सप्तकात जाऊन ओरडावं लागतं. आणि ऐकणारे म्हणतात, "बायकांच्या भजनाला तेवढा रंग चढत नाही हो." कसा चढेल? षड्जच दुसऱ्याच्या सोयीचा असला तर पुढचे सहा स्वर आपले कसे होणार?

म्हणून मी म्हणतो, पेटी ज्याच्या हातात त्याच्या हातात पट्टी, लय, चाल, तारीख आणि मानधन. ही साधी सत्तेची गोष्ट आहे. ग्रामपंचायतीत सरपंच बाई आणि कारभार तिच्या नवऱ्याचा, यावर आपण हसतो, पोस्टी टाकतो. भजनात त्याच गोष्टीला आपण परंपरा म्हणतो.

तिन्ही कामं बाई करायला बसली की काय होतं, याचं एक जुनं आणि मोठं उदाहरण मुंबईत घडलंय. १९१५ पासून आपल्या खोपोलीच्या वीजघरातून ज्या मुंबईला वीज जायला लागली, त्याच मुंबईतली ही गोष्ट.

खुर्शीद मिनोचर-होमजी नावाची पारशी मुलगी. जन्म १९१२. पंडित विष्णु नारायण भातखंड्यांकडे हिंदुस्थानी संगीत शिकली. १९२७ मध्ये मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं, आणि पुढे या बहिणींचे कार्यक्रम तिथे होऊ लागले. होमजी सिस्टर्स म्हणून त्या ओळखल्या जायच्या. तिथवर सगळं ठीक होतं, कारण रेडिओवर आवाज येतो, माणूस दिसत नाही. मग हिमांशू रॉय यांनी तिला बॉम्बे टॉकीजमध्ये बोलावलं, तेही संगीतकार म्हणून. १९३५ चा 'जवानी की हवा' हा तिचा पहिला चित्रपट. झालं, समाजात गदारोळ. आपल्या घरच्या मुली सिनेमात? खुर्शीद आणि तिची बहीण माणेक, दोघींवर टीका झाली, विरोध झाला. त्यावर तोडगा काय निघाला, तर नावं बदलायची. माणेकची चंद्रप्रभा झाली. खुर्शीदची सरस्वतीदेवी झाली. काम करता आलं, पण आईबापांनी ठेवलेलं नाव सोडावं लागलं.

या बाईने काय काम केलं ते ऐका. १९३६ चा 'अछूत कन्या' तिच्या संगीताचा. त्यात अशोककुमार आणि देविका राणी स्वतः गायले. दोघंही कसलेले गायक नव्हते. त्यांच्या गळ्याला झेपेल अशी सोपी, सुटसुटीत चाल बांधायची, त्यांच्याकडून घोटून घ्यायची. त्या काळी गाणं बऱ्याचदा शूटिंग चालू असतानाच गायलं जायचं. वाजवणारे कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा आडोशाला बसायचे. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. हा सगळा कारभार एका विशीतल्या बाईने सांभाळला. पुढे 'कंगन', 'बंधन', 'झूला' अशा बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांच्या संगीतातही तिचा हात होता. त्याच वर्षी, १९३५ मध्ये, नर्गिसची आई जद्दनबाई हिनेही 'तलाश-ए-हक'ला संगीत दिलं होतं. म्हणजे बोलपट सुरू होऊन चार वर्षं होतात न होतात तोच बाया संगीतकाराच्या खुर्चीवर बसल्या होत्या. जमलं नाही असं नाही. उत्तम जमलं.

आणि आठवण कोणाची राहिली? १९३६ च्याच 'जीवन नैया'त अशोककुमारने एक गाणं गायलं, चाल सरस्वतीदेवींची. पंचवीस वर्षांनी, १९६१ मध्ये, किशोरकुमारने 'झुमरू'त तेच गाणं नव्याने गायलं. एकटेपणाचं, सावकाश चालणारं ते गाणं आजही आपल्याकडच्या प्रत्येक ऑर्केस्ट्रात होतं. 'झुमरू'चं संगीत किशोरकुमारचं, म्हणून गाणं त्याचं हेच लोकांच्या डोक्यात बसलं. किशोरदांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. पण निवेदक माइकवरून कधी सरस्वतीदेवी हे नाव घेतो का? मी तरी ऐकलेलं नाही.

हे झालं हिंदीचं. आता आपल्या मराठीकडे या.

भालजी पेंढारकरांचे चित्रपट आपल्या आधीच्या पिढीने तंबूत बसून बघितले. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. संगीत कोणाचं? पडद्यावर नाव यायचं आनंदघन. हा आनंदघन कोण, हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. 'साधी माणसं'ला राज्य शासनाचा संगीताचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा समारंभात आनंदघन म्हणून कोणी उठेना, आणि मग जाहीर झालं की आनंदघन म्हणजे समोरच बसलेल्या लता मंगेशकर, असं सांगतात. त्याच चित्रपटातलं भात्यावरचं, लोहाराच्या ऐरणीचं गाणं आजही सगळ्यांना पाठ आहे. गाणारी लता सगळ्यांना ठाऊक. ती चाल बांधणारी लता किती जणांना ठाऊक? चार चित्रपट आनंदघन नावाने आणि त्याआधी 'राम राम पाव्हणं' स्वतःच्या नावाने. एवढ्यावर ते काम थांबलं. लताबाईंनी टोपणनाव का घेतलं, त्याला कारणं असतील, आपलं गाण्यातलं नाव पणाला लागू नये हेही असेल. पण एवढी वर्षं लोकांनी पडद्यावर आनंदघन हे नाव वाचलं, तेव्हा ही बाई असेल अशी शंका किती जणांना आली असेल? संगीतकार म्हटलं की डोळ्यासमोर पुरुषच येतो, तसा तेव्हाही आला.

त्यांची बहीण मीना खडीकर. 'सांग सांग भोलानाथ' कोणाच्या चालीवर म्हणता? 'असावा सुंदर चॉकलेटचा बंगला' कोणाच्या? दोन्ही चाली मीनाताईंच्या. आपल्या प्रत्येक बालवाडीच्या स्नेहसंमेलनात ही गाणी होतात. खोपोलीतल्या कितीतरी पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर पाय ठेवला तो एका स्त्री-संगीतकाराच्या चालीवर! कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं, "बालगीत, लहान गट". बस. चाल जणू आभाळातून पडली.

शास्त्रीय संगीतात प्रभा अत्रे यांनी हे उत्तर स्वतःच्या कामातून दिलं. २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या. त्यांचा मारुबिहाग आणि कलावती ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत असेल की त्यातल्या गाजलेल्या बंदिशी त्यांच्या स्वतःच्या आहेत. दुसऱ्यांनी रचलेलं गायचं एवढंच बाईचं काम, हे त्यांनी मानलं नाही. तबल्यावर आबान मिस्त्री यांनी स्वतंत्र वादन करून दाखवलं, त्या विषयावर संशोधनही केलं. अनुराधा पाल आहेत. संवादिनीवर, म्हणजे आपल्या पेटीवर, सीमा शिरोडकर कित्येक वर्षं मोठमोठ्या मैफलींत साथ करतायत. या बायका मुंबईतल्या, म्हणजे आपल्यापासून एका लोकलच्या अंतरावरच्या. सिनेमात उषा खन्ना यांनी १९५९ मध्ये 'दिल देके देखो' केला तेव्हा त्या विशीच्याही आत होत्या. आपल्या मराठी घरातली, इंदूरची स्नेहा खानवलकर हिने २०१२ मध्ये 'गँग्ज ऑफ वासेपूर' गाजवला. आणि तरी, १९५४ पासून दिल्या जाणाऱ्या फिल्मफेअरचा उत्कृष्ट संगीताचा पुरस्कार बाईच्या हातात पहिल्यांदा पडला तो थेट २०२२ मध्ये, जसलीन रॉयलच्या, तोही इतर संगीतकारांबरोबर वाटून.

आता कंडक्टर. मुंबईत परंज्योती अकादमी कोरस नावाचं समूहगायनाचं पथक आहे. व्हिक्टर परंज्योती यांनी ते उभं केलं. १९६७ मध्ये ते गेले आणि पथकाची धुरा घेतली कूमी वाडिया या बाईंनी. पन्नास-साठ लोकांपुढे उभं राहायचं, प्रेक्षकांकडे पाठ, दोन हातांच्या इशाऱ्यावर बायका आणि पुरुष दोघांचे आवाज उचलायचे, बसवायचे. युरोपातलं चर्चचं संगीत आणि आपल्याकडची लोकगीतं दोन्ही त्यांनी या पथकाकडून गाऊन घेतली, परदेशात जाऊन कार्यक्रम केले. पुरुष गायक बाईच्या इशाऱ्यावर गात होते, कोणाचं काही बिघडलं नाही.

तुम्ही म्हणाल, परदेशात हे सोपं असेल. अजिबात नाही. क्लारा शुमान ही जर्मन पियानोवादक, जन्म १८१९. नऊ वर्षांची असताना मैफलीत वाजवलं. सोळाव्या वर्षी स्वतः रचलेला पियानो आणि वाद्यवृंदाचा कार्यक्रम सादर केला. अशा बाईने विशीत आपल्या डायरीत लिहून ठेवलं की बाईने संगीत रचायची इच्छा धरू नये, आजवर कोणीच ते करू शकली नाही, मग मी कशी करणार. नवरा रॉबर्ट शुमान मोठा संगीतकार, तो १८५६ मध्ये गेला. पुढची जवळजवळ पस्तीस वर्षं पियानोच्या मैफली करून तिने पोरांचं घर चालवलं. रचना मात्र जवळजवळ थांबल्याच. इतकी गुणी बाई, आणि तिच्याही मनात हे घर करून बसलं होतं. मग आपल्या वाडीतली एखादी ताई "नको बाई, मला नाही जमायचं" म्हणते तेव्हा ते तिचं स्वतःचं मत असतं का, याचा विचार करा.

नादिया बूलांजे ही फ्रेंच बाई. पियानो, ऑर्गन, कंडक्टिंग, आणि शिक्षिका तर अशी की निम्म्या जगाचे संगीतकार तिच्या हाताखालून गेले. १९३८ मध्ये ती अमेरिकेत बॉस्टनच्या वाद्यवृंदापुढे कंडक्टर म्हणून उभी राहिली. पत्रकारांनी विचारलं, बाई असून कंडक्टर होताना कसं वाटतं? तिने सांगितलं, बाई होऊन मला पन्नास वर्षं झाली, त्याचं आश्चर्य आता ओसरलंय. असं उत्तर आपल्याकडेही कोणीतरी द्यायला हवं.

आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक, जगातला सगळ्यात नावाजलेल्या वाद्यवृंदांपैकी एक. त्यात बाईला पूर्ण सभासद कधी करून घेतलं माहितीय? १९९७ मध्ये. हार्प वाजवणारी आना लेल्केस वीसहून जास्त वर्षं त्यांच्याबरोबर वाजवत होती, पण सभासद नव्हती. बायकांमुळे आमचा सूर बदलेल, परंपरा मोडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. घेतल्यावर काय झालं? नवीन वर्षाची त्यांची मैफल आजही जगभर लोक टीव्हीवर बघतात.

एक चांगली युक्तीही तिकडचीच. कित्येक वाद्यवृंदांत निवडीच्या वेळी पडदा लावतात. वाजवणारा पलीकडे, परीक्षक अलीकडे. बाई की पुरुष, गोरा की काळा, काही दिसत नाही, फक्त सूर ऐकू येतो. पडदे लागले तशा निवड होणाऱ्या बायकाही वाढल्या. गुणवत्ता होतीच, आधी बघण्यात खोट होती.

परत आपल्या मातीत येतो, कारण खरी गंमत इथेच आहे. बाईने गाणं रचायचं, बाईने पुढे बसून गाणं चालवायचं, हे आपल्याकडे नवीन मुळीच नाही. घाटापलीकडे मुळशीच्या गावांतून हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. आज त्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. एक लाख! सगळ्या बायकांनी गायलेल्या, बायकांनीच रचलेल्या. आणि आपल्या रायगडातल्या आगरी लग्नातली धवलारीण? लग्नाचे धवले गाणारी, विधी पुढे नेणारी, सगळ्या मांडवाला आपल्या गाण्यावर चालवणारी बाई. ती कंडक्टरच की! पण जातं घरात होतं, धवला मांडवात होता. माइक आला, स्टेज आलं, पेटी आली, मानधन आलं, आणि बाई दोन पावलं मागे जाऊन कोरसमध्ये बसली. जिथे पैसा आणि नाव आलं तिथून तिला उठवलं गेलं.

आता नेहमीचे आक्षेप घेतो, म्हणजे कमेंटमध्ये वेळ वाचेल.

"ही परंपरा आहे." पेटी मुळात युरोपातून आलेली, एकोणिसाव्या शतकात. पियानोची चुलत बहीण. आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षं तिला बंदी घातली होती, हे वाद्य आपलं नव्हे म्हणून. परदेशी लाकडी खोक्याला आपण देवापुढे मानाने बसवलं, आणि घरच्या लेकीला त्याच्या मागे बसवायला मात्र परंपरा आडवी येते?

"मुलींना आवडच नसते." मुलींना गाण्याच्या क्लासला आपण घालतो, गांधर्वच्या परीक्षांना बसवतो. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, मुली भराभर पास होतात. पण क्लासात पेटी सरांच्या पुढ्यात आणि मुलगी समोर बसून गाणारी. चार वर्षांत तिच्या बोटांना पट्ट्यांची ओळखच होत नाही. आवड हाताला लागल्यावर लागते. पोळी लाटायचीही आवड जन्मतः कोणाला नसते, ती मात्र आपण बरोबर लावतो.

"रात्री-अपरात्री बाईने कसं जायचं?" हा आक्षेप खरा आहे, हसण्यावारी नेणार नाही. पण गाणाऱ्या पंधरा बायका रात्री जातातच ना? टेम्पो करून, एकत्र. पेटीवाली सोळावी. उलट बाहेरच्या माणसाची शेवटची गाडी चुकेल म्हणून कार्यक्रम आवरता घ्यायची वेळ येणार नाही.

"ताल चुकला तर?" चुकेल. आपल्या काकांचाही पहिल्या वर्षी चुकला असणार. तेव्हा मंडळातल्या जुन्या लोकांनी सांभाळून घेतलं, म्हणून आज ते बुवा आहेत. तेवढंच सांभाळून घेणं मागतोय.

मग करायचं काय? चार गोष्टी सुचवतो, चारही आपल्या आवाक्यातल्या.

पहिली, मंडळांसाठी. या गणपतीत किंवा नवरात्रात एक संध्याकाळ अशी ठेवा की पेटी आणि ताल दोन्ही मुलींच्या किंवा बायकांच्या हातात. एकच संध्याकाळ. पूर्ण भजन नको, पाच अभंग आणि आरती चालेल.

दुसरी, स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी. महिला भजन स्पर्धेत उत्कृष्ट गायिकेचं बक्षीस असतं, उत्कृष्ट पेटीवादनाचं आणि पखवाजवादनाचं बक्षीस बऱ्याचदा पुरुष घेऊन जातो. महिला स्पर्धेत! साथीला पुरुष असले तर हरकत नाही, पण वादनाचं एक बक्षीस फक्त स्त्री-वादकासाठी ठेवा. दोन वर्षं कोणी मिळणार नाही कदाचित. तिसऱ्या वर्षी मिळेल.

तिसरी, नगरपरिषद आणि ग्रामपंचायतींसाठी. महिला-बालकल्याणाचा निधी दरवर्षी असतो. शिलाई मशीन, ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण, हळदीकुंकू. चालू राहू दे. त्यातून दोन-चार शाळांना एकेक बऱ्यापैकी पेटी आणि आठवड्यातून दोन तास शिकवणारा माणूस द्या. साधारण पंधरा-वीस हजारांत चांगली पेटी येते, नीट ठेवली तर वीस वर्षं चालते. एका फ्लेक्स-कमानीच्या खर्चात होईल. आणि शिकवायला आपले तेच काका आहेत. त्यांच्याइतकी चांगली शाळा दुसरी नाही. शिकवायचं मानधन त्यांना मिळू दे, मान तर मिळेलच.

चौथी, आपल्या सगळ्यांसाठी, आणि हिला पैसे लागत नाहीत. नाव घ्या. बॅनरवर आमदार, नगरसेवक, सौजन्य, शुभेच्छुक सगळ्यांचे फोटो असतात. त्यात एक ओळ वाढवा: पेटी अमुक, पखवाज अमुक, चाल अमुक. शाळेच्या पत्रिकेत बालगीतापुढे संगीतकाराचं नाव लिहा. ऑर्केस्ट्राच्या निवेदकाने मूळ चाल कोणाची ते एका वाक्यात सांगावं. सरस्वतीदेवींपासून आजपर्यंत बायकांचं काम कमी पडलं नाही, त्यांचं नाव घ्यायला आपण कमी पडलो.

घरात मुलगी असेल, गाण्याच्या क्लासला जात असेल, तर या रविवारी एवढंच करा. तिच्या सरांना किंवा मॅडमना सांगा, हिला पेटीही शिकवा, आणि हिच्या पट्टीत शिकवा. उद्या ती मोठी बुवा होईल की नाही ते देव जाणे. पण तिला गायचं असेल तेव्हा कोणाच्या मोकळ्या तारखेची वाट बघावी लागणार नाही, हे नक्की. आपल्या वाडीतल्या बायकांना स्वतःच्या मनाने, स्वतःच्या सुरात, हव्या त्या दिवशी देवाचं नाव घेता आलं, तर याहून मोठं काय हवं?

आणि आपल्या खालापूर-कर्जत पट्ट्यात पेटी, पखवाज, तबला वाजवणाऱ्या ताया-मावश्या असतीलच, मला माहीत नाहीत एवढंच. त्यांनी स्वतःचा नंबर वगैरे टाकू नये, फक्त मंडळाचं नाव आणि काय वाजवता ते कमेंटमध्ये लिहा. यादी करू आणि गणपतीच्या आधी सगळ्या मंडळांपर्यंत पोचवू. पटलं तर शेअर करा, पटलं नाही तर खाली भांडा, फक्त सुरात भांडा.

गणपती बाप्पा मोरया!